एकवीस मीटर वायर

उमरग्यात घरोघरी इंटरनेटच्या वायरी ओढायचं काम मी अकरा वर्षं करतोय. वायर तुटते ती उंदरानं, खिळ्यानं, नाहीतर कच्च्या जोडकामानं. चौथं कारण मी पाहिलं नव्हतं.

रुद्रम्माकाकू निवृत्त नर्स. हायवेपासून दोन गल्ल्या आत त्यांचं दुमजली घर आहे. राउटर खालच्या हॉलमध्ये. तिथून वायर भिंतीतल्या पाइपातून पुढच्या दारावरून, जिन्याच्या कडेनं वरच्या खोलीत जाते. त्या खोलीत त्यांचा एकुलता मुलगा सुरज पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. रोज सव्वाचारला त्याची लाइन जायची आणि पाच-सहा मिनिटांनी आपोआप यायची. नेमकी तेव्हाच त्याची मीटिंग असायची.

"दादा, कंपनीनं दोनदा ताकीद दिलीय," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा काढूनच टाकतील."

मी दोन्ही टोकांचे कनेक्टर बदलले. दुसरा राउटर लावून बघितला. फरक पडला नाही.

मग मोठा टेस्टर घेऊन गेलो. वायर किती मीटरवर तुटली ते तो आकड्यात सांगतो. राउटर काढून तिथं तो जोडला आणि खाली बसलो. एकवीस मीटर वायर, सगळी धड. बाहेर ट्रकांचे हॉर्न वाजत होते. काकू स्वयंपाकघरात शेंगा निवडत होत्या.

सव्वाचारला पडद्यावर आलं : तुटली, ४ मीटर.

चार मीटर म्हणजे पुढच्या दाराची चौकट. तिथं खूण करावी म्हणून पेन्सिल शोधली, तोवर आकडा सहा झाला होता. मग सात. नवाला जिन्याची पहिली पायरी. तिथं आकडा जरा थांबला आणि सावकाश वाढू लागला. तेराला, जिन्याच्या वळणावर, पुन्हा थांबला. मग चौदा. पंधरा.

तुटलेली जागा चालत होती.

एकवीस झाल्यावर लाइन धड झाली. टेस्टर बिघडला असेल म्हणून बॅगेतली दुसरी वायर मोजली. ती त्यानं बरोबर दाखवली.

सुरजला सांगितलं, तेव्हा तो हसला नाही. खुर्चीत हळूच मागं रेलला.

"अप्पा असतील," तो म्हणाला. त्याचे वडील बंडप्पा दोन वर्षांपूर्वी वारले होते. "ऑफिसातून ह्याच टायमाला घरी यायचे. मला बी वाटायचंच, कुणीतरी येऊन बसतंय म्हणून."

त्याचा चेहरा इतका निवळला होता, की मी टेस्टर बॅगेत भरून निघालो.

दुसऱ्या दिवशी टेस्टर वरच्या टोकाला लावून मी त्याच्या खोलीत बसलो. इथून आकडे उलटे दिसणार होते.

सतरा.

पंधरा.

बारा. जिन्याची पहिली पायरी. दार उघडं होतं. जिन्यात ऊन पडलं होतं आणि कुणी नव्हतं.

आठ. वळण. बराच वेळ आठच.

पाच.

तीन.

सुरज पलंगावर थोडा सरकला. जागा करून दिल्यासारखा.

एक.

मी पाय वर घेतले, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

शून्य झाल्यावर टेस्टरवर हिरवा दिवा लागला. वायर धड होती.

खाली आलो, तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आवाज बारीक केला.

"सुरज अप्पा म्हणतोय का?"

"व्हय."

"म्हणू दे. त्याला बरं वाटतंय." त्यांनी जिन्याकडं बघितलं. "पण ह्यांचे गुडघे घर बांधायच्या आधीच गेलते, बाबा. ह्या जिन्यावर ते एकदाबी चढले न्हाईत."

"मग कोण, काकू?"

"म्या चारलाच दाराला कडी घालते," त्या म्हणाल्या. "तरीबी."

मी नवी वायर घराच्या मागच्या बाजूनं, बाहेरून वर नेली. ती लाइन एकदाही गेली नाही. सुरजची नोकरी टिकली. तो अजून त्याच खोलीत काम करतो, तिथंच झोपतो. खोली बदल म्हटलं तर नको म्हणतो.

जुनी वायर भिंतीतच राहिली. मला मात्र चैन पडेना. काकूंना विचारून तिच्या खालच्या टोकाला टेस्टर आठवडाभर लावून ठेवला, दिवसरात्र नोंद घेत राहील असा.

आठव्या दिवशी दुकानात बसून नोंदी वाचल्या. सात दिवस, सव्वाचारला, चारपासून एकवीसपर्यंत वाढत गेलेले आकडे. सात वेळा.

जिना उतरून दाराकडं परत येणारे, कमी होत आलेले आकडे मी पुन्हा पुन्हा शोधले. एकदाही नव्हते.