खोलीत नारिंगी चालणार नाही

"आधी दार लावा, मग काय ते बोला."

आतून आवाज आला आणि दारातल्या तरुणाने घाईघाईने दार लावून घेतलं. फक्त तो स्वतः बाहेरच राहिला.

"अहो, आत येऊन लावा म्हटलं मी."

तो आत आला आणि बावचळला. भिंती राखाडी, पडदे राखाडी, खुर्चीतली मुलगी कॉलरपासून चपलांपर्यंत राखाडी. त्या सगळ्यात रंगीत म्हणावी अशी एकच गोष्ट होती, तिच्यासमोरची स्क्रीन. आणि आता दुसरी, तो.

एकाच प्रकाशनाची दोन मासिकं त्या मजल्यावरून निघायची. डावीकडे ग्राफिक डिझाइनवाल्यांचं मासिक. त्याचे वाचक पान आधी डोळ्यांजवळ धरून तपासायचे आणि जमलंच तर मग वाचायचे. उजवीकडे साध्यासुध्या कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचं मासिक. त्यात हा तरुण वाचकांच्या अडचणी सोडवायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. ती डिझाइनच्या मासिकात रंग बघायची. प्रत्येक पान छापायला जाण्याआधी शेवटचं तिच्या डोळ्यांखालून जायचं. या राखाडीमुळे तिला ऑफिस ढगू म्हणायचं, तेही अगदी तोंडावर.

"एका वाचकाने विचारलंय," डॉक्टर म्हणाला, "स्क्रीनवर झगझगीत दिसणारा हिरवा रंग छापल्यावर मळकट का होतो?"

"सांगते. पण मागे सरका. अजून. अजून थोडं..."

"मी भिंतीला टेकलोय."

"हा शर्ट कसला घातलाय?"

शर्ट नारिंगी होता. लांबून येणाऱ्या बसने थांबावं इतका नारिंगी.

"तुमचा रंग माझ्या स्क्रीनवर पडतो," ती म्हणाली. "मग मला सगळंच तांबूस दिसतं. ते मारायला मी निळा वाढवते आणि छापून येतं भलतंच. म्हणून मी राखाडी घालते. हौस म्हणून नाही."

"माझीही हौस नाही हो. माझ्या ताईच्या नवऱ्याचा जर्सी शिवायचा कारखाना आहे. एका टीमने ऑर्डर दिली आणि मग ती टीमच फुटली. आता ती सगळी टीम म्हणजे मी एकटा."

ढगूला हसू आलं. त्या खोलीत सहसा कोणी हसत नसे, त्यामुळे तिचं तिलाच ते जरा मोठं वाटलं. तिने खुर्चीवरची शाल त्याच्याकडे टाकली. एसीच्या गारठ्यासाठी ठेवलेली, अर्थातच राखाडी.

"पांघरा. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. आणि मग बसा."

तो आजाऱ्यासारखा शाल लपेटून बसला आणि तिने त्याला हिरव्याची गोष्ट सांगितली. स्क्रीनवरचा हिरवा म्हणजे उजेड, कागदावरचा हिरवा म्हणजे शाई. उजेडाइतकं शाईला कसं चमकता येईल? तो ऐकत होता आणि तिच्या हातांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी आणखी एका वाचकाला काळ्या रंगाबद्दल शंका आली. मग कुणाला तरी गुलाबी छळायला लागला. डॉक्टर रोज दुपारी यायचा, दाराआडून हात पुढे करून शाल मागायचा, मगच आत शिरायचा. स्क्रीनच्या काचेत त्याचा चेहरा अंधुक दिसायचा. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही.

"तुमच्या वाचकांना फारच शंका येतात," ती एकदा म्हणाली.

"हुशार आहेत... आणि चिकट."

"चिकट तर दिसतंच आहे."

घरी आईला वेगळीच काळजी. "दोरीवरचे तुझे कपडे बघून शेजारीण काल विचारत होती, तुमच्याकडे कपडे धुतात की नुसतेच भिजवतात? अगं, एखादा तरी रंग येऊ दे या घरात." ढगू नुसतीच हसली. हल्ली ती उगाचच हसते, हे आईच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मग मुखपृष्ठाचा दिवस आला. अंक दुकानांच्या पाट्या हाताने रंगवणाऱ्या कलाकारांवर होता आणि मुखपृष्ठावर एका म्हाताऱ्या रंगाऱ्याचा पानभर चेहरा. ढगूला सकाळपासून सर्दी होती. काम मात्र संध्याकाळपर्यंत संपवायचं होतं. डॉक्टर शाल पांघरून गुपचूप बसला होता. ती तिसऱ्यांदा शिंकली तेव्हा तो उठला, त्याने अंगावरची शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर घातली. तिचे केस शालीत अडकले होते, ते हलकेच बाहेर काढले आणि पुन्हा आपल्या जागी बसला.

शालीला त्याची ऊब होती. ती ताठ बसून काम करत राहिली आणि संध्याकाळी तिने पान पास केलं. तिने पास केलेल्या पानाचा आधी नमुना काढून बघायची पद्धत ऑफिसात कधीच बंद झाली होती. इतका विश्वास होता तिच्या डोळ्यांवर.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून बोलावणं आलं. संपादकबाई तिच्याबरोबर निघाल्या. ओल्या शाईचा वास, मशीन थांबलेलं, आणि फोरमनकाकांच्या हातात पहिला कागद.

"ताई," ते जपून म्हणाले, "या आजोबांना बरं नाही का?"

आजोबा निळे पडले होते. कारण विचारायला नकोच होतं, ढगूला ते कागद बघताक्षणी समजलं.

"तुझी स्क्रीन बिघडली असेल," बाई म्हणाल्या. "माणूस बोलावून घेऊ."

होय म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. खोली, शाल, दुपार, सगळं आहे तसं राहिलं असतं. पण ज्या बाई आपल्या डोळ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्यांच्याशी खोटं कसं बोलायचं?

"स्क्रीन ठीक आहे, बाई. शेजारी नारिंगी शर्ट होता."

"आणि तो तुला दिसला नाही? पार्किंगमधली गाडी उन्हाने फिकी पडली तरी तू सांगतेस."

"दिसला होता..." ढगू खाली बघत म्हणाली. "उठा म्हणावंसं वाटलं नाही."

फोरमनकाका एकदम मशीन पुसायला लागले. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मग मात्र त्या ऑफिसातल्या आवाजात बोलल्या. "आज इथे बसूनच पान सुधार. आणि उद्यापासून तुझ्या खोलीत दुसरी खुर्ची नको."

आजोबांच्या गालावर संध्याकाळपर्यंत रक्त परत आलं. ढगूने परतल्यावर डॉक्टरला कॉरिडॉरमध्येच गाठलं आणि सगळं सांगितलं. बाईंना सांगितलेलं स्वतःचं शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.

"म्हणजे माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली," तो म्हणाला. चेहरा पार उतरला होता त्याचा. "आता नाही येत मी."

"वाचकांच्या शंका... मेलवर पाठवा."

"पाठवतो."

पण मेल काही आली नाही. खोलीत सगळे रंग अचूक दिसत होते आणि ढगूला कशातच गोडी वाटत नव्हती. तिला त्याची आठवण येत होती, साधीसरळ. जेवणाच्या सुट्टीत तिने कॉम्प्युटरच्या मासिकाचे गेल्या काही महिन्यांचे अंक आणून डॉक्टरचं सदर पहिल्यापासून वाचून काढलं. प्रिंटर अडकतो, पासवर्ड विसरलो, माउस हलत नाही. हिरवा, काळा, गुलाबी यांच्याबद्दल कुणाचीही एका ओळीचीसुद्धा शंका नव्हती.

त्याच दुपारी दारावर टकटक झाली.

"शाल नको," बाहेरून आवाज आला. "येऊ का?"

तो आत आला. शर्ट राखाडी, पँट राखाडी, मोजे राखाडी. घड्याळाचा पट्टासुद्धा.

"बाईंना दाखवून आलोय," तो म्हणाला. "त्यांनी गोल फिरायला लावलं, मग म्हणाल्या, खुर्ची तुझी तू घेऊन जा." खरंच, मागे खुर्ची होती. "जन्मात पहिल्यांदा शर्ट विकत घेतला. ताई विचारत होती, कुणी गेलं का रे?"

ढगूने खणातून राखाडी पुठ्ठ्याचा तुकडा काढला. ज्याच्याशी ती बाकी सगळे रंग ताडून बघायची, तो. उठून तिने तो त्याच्या खांद्याला लावला.

"यात निळा जास्त आहे."

"बदलून आणू?"

"नको. एवढं मी सांभाळून घेईन." ती मागे सरली नाही. "तुमचं सदर वाचलं मी. सगळं. ते हिरव्यावाले वाचक कुठे आहेत?"

डॉक्टरचे कान लाल झाले. त्या खोलीत ते लपण्यासारखं नव्हतं.

"एकच आहे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी चुकून हे दार उघडलं होतं त्याने. स्टेपलर शोधत होता... मग काहीतरी विचारायला हवं होतं ना?"

"आणि आता काय विचारायचंय त्याला?"

"रोज इथे बसलेलं चालेल का?"

"चालेल." ती थांबली. "त्या दिवशी मला शर्ट दिसला होता. उठा म्हणावंसं वाटलं नाही, म्हणून म्हटलं नाही. बाईंना सांगितलंय मी हे. तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं."

तो खुर्ची ओढून शहाण्यासारखा बसला.

"रविवारी मात्र," ती स्क्रीनकडे वळत म्हणाली, "नारिंगी घाल."

"घाल?"

"घाल. आणि घरी ये."

रविवारी सकाळी बेल वाजली. आईने दार उघडलं आणि ती क्षणभर तशीच उभी राहिली.

"अगं ए," तिने आत वळून हाक मारली, "तुझ्याकडे कोणीतरी... नारिंगी आलंय."

"आत घे, आई," ढगू केस बांधत म्हणाली. "आज चालतं."