तांडेलांची वंशावळ

"लग्न आठ दिवसांवर आलंय आणि व्याही म्हणतात, मुलगा-मुलगी एकाच कुळातली," दमयंती तांडेल म्हणाल्या. "शेट्येसाहेब, मी माझ्या सावित्रीला भावकीतच द्यायला निघाले होते असं पावस गावभर झालं, तर पुढं तिला कोण करील?"

खाजगी तपासनीस भार्गव शेट्ये यांनी व्याह्यांकडून आलेला वंशावळीचा कागद उजेडात धरला. केरू आणि बाबल्या सख्खे भाऊ. केरूचा वंश मांडवीला, बाबल्याचा पावसला. खाली लिहिणाऱ्याचं नाव दादू तांडेल. दादू म्हणजे नवऱ्यामुलाचे, विठूचे, आजोबा. तीन वर्षांपूर्वी, १९८१ साली वारलेले.

"आडनाव एक असून सोयरीक केलीत?" शेट्यांचा सोबती, निवृत्त पोस्टमन धाकू, म्हणाला.

"कुलदैवतं वेगळी आहेत. माझे सासरे आणि दादू जुने मित्र. सासरे एकोणऐंशी साली गणपतीच्या आदल्या दिवशी गेले. दादू प्रेताला आले, रडले आणि संध्याकाळीच परतले."

"बाबल्या हे नाव बरोबर?" शेट्यांनी विचारलं.

"सावित्रीचे खापरपणजोबा. सासऱ्यांनी तिला सांगितलेलं. घराबाहेर कुणाला ठाऊक नसेल."

"मुलगा कसा?"

"गुणी. बोटीवर असतो. साखरपुड्यापासून पत्रं येतात. आमच्या जुन्या माणसांची नावंसुद्धा विचारून घेतो. एवढी आपुलकी कोण दाखवतं?"

दुपारी दोघे मांडवीला गेले.

"कागद बाबांच्या पेटीत मिळाला, गेल्या सोमवारी," विठूचे वडील रावजी म्हणाले. "लग्न मीच ठरवलं. विठूला विचारलंही नाही. माझा शब्द त्यानं कधी मोडला नाही."

"बाबल्या कोण, माहीत होतं?" शेट्यांनी विचारलं.

"कागद वाचल्यावर कळलं."

रावजींची थोरली बहीण येसूबाई माजघरातून म्हणाली, "मला ती पोर पहिल्यापासून पसंत नव्हती. बोलते फार."

"मग कागद तुम्ही ठेवलात?"

"अरे बाबा, मला सही करता येत नाही. वंशावळ कुठनं लिहू?"

"एकोणऐंशीला घरी गणपती बसवला होतात?"

"पाच दिवस. आरतीला बाबाच पुढं."

विठू दहा दिवसांपूर्वी रजेवर आला होता. तो खाली बघून म्हणाला, "आजोबांनी लिहिलंय, तर मोडणारा मी कोण?"

"म्हातारीच ती," बाहेर येताच धाकू पुटपुटला.

"दमयंतीबाईंना उद्या इथं घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सगळे ओटीवर जमले. शेट्ये उभेच राहिले.

"भावकीत कुणी गेलं की सुतक. सुतकात गणपती बसवत नाहीत. दादूंनी प्रेत डोळ्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसवला. म्हणजे सावित्रीचे आजोबा त्यांचे मित्र होते, भावकी नव्हेत. हा कागद दादूंचा नाही."

"पण आडनाव?" धाकूनं विचारलं.

"तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य खलाशी. किनाऱ्यावर जितकी गलबतं, तितके तांडेल. हुद्द्याचं आडनाव झालं म्हणून रक्त एक होत नाही."

"मग लिहिलं कुणी?" रावजी म्हणाले.

"ज्याला बाबल्या माहीत होता त्यानं. रावजी, तुम्हाला नव्हता. येसूबाई लिहीत नाहीत. ते नाव या घरात एकाच माणसाकडं आलं, सावित्रीच्या पत्रातून. आणि वडिलांना नाही म्हणायची हिंमतही त्याच माणसाला नव्हती. ते काम त्यानं मेलेल्या आजोबांवर ढकललं."

विठूनं मान वर केली नाही. "मुंबईत माझं लग्न झालंय. दोन वर्षं झाली."

येसूबाईनं पदर तोंडाला लावला.

दमयंतीबाई म्हणाल्या, "रावजीभावोजी, लग्न मोडलं. पण का मोडलं ते पावसला चार माणसांत सांगायला हवं. माझ्या मुलीत खोट नव्हती, कुळातही नव्हती."

"मी नाही सांगणार," रावजी म्हणाले. त्यांनी विठूच्या चपला आणून त्याच्यापुढं ठेवल्या. "हा सांगेल. पावसची एस.टी. कितीला आहे?"