व्हॉल्व्ह कोणी फिरवला

हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुणाऱ्या लॉन्ड्रीत मी बॉयलर सांभाळतो. बॉयलरची वाफ पाइपातून ड्रायरपर्यंत जाते, ड्रायर तापतात, कपडे वाळतात. आमची ही तिथेच इस्त्रीच्या टेबलावर होती. तीन नंबरचा ड्रायर अगदी तिच्या पाठीशी. दुपारी चहाला निघाली की ती त्याचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करायची आणि तिथूनच ओरडायची, "अहो, चादरी वाळवायच्यात, भाजायच्या नाहीत!"

गेल्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या टेबलाच्या जागी आता घड्या घालायचं मशीन आहे.

माझी निवृत्ती जवळ आली तेव्हा मालकांनी माझ्या डोक्यातलं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यायचं ठरवलं. पुढच्या माणसाच्या वेळी काही बिघडलं तर त्याने लक्षण सांगायचं, कॉम्प्युटर कारण सांगणार. हे काम माझ्या सुनेला मिळालं, तिचा धंदाच तो. बॉयलरजवळ स्टूल टाकून ती बसायची आणि मी काहीही सांगितलं की विचारायची, "का?"

"दाब उतरला की ड्रायर थंड पडतो."

"का?"

"अगं, वाफ पोचत नाही म्हणून. माझ्या मुलानं लहानपणी एवढं का-का केलं नाही."

"म्हणूनच त्याला अजून साधा नळ बदलता येत नाही," ती म्हणाली.

कारणाचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "नुसत्या जोड्या भरल्या तर कावळा बसला की फांदी मोडते, एवढंच सिस्टिमला कळतं. फांदी खरंच कशानं मोडली ते भरलं, तर कावळा नसता तर काय झालं असतं हेही ती सांगते."

सगळं भरून झाल्यावर ती म्हणाली, "एखादी खरी तक्रार द्या, बाबा."

तीन नंबर दुपारी थोडा थंड पडायचा. हिवाळ्यापासूनच. वाफेच्या लाइनीचे नखरे असतात, म्हणून मी त्यात फार डोकं घातलं नव्हतं. ती तक्रार दिली. पाइपांवर बसवलेल्या सेन्सरचे आकडे आले आणि पडद्यावर उत्तर आलं: व्हॉल्व्ह अर्धा बंद.

सुनेने "का" दाबलं.

हाताने फिरवला.

का?

चादरी करपू नयेत म्हणून.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग "कोणी" दाबलं.

इस्त्रीवाली.

"बाबा, हे तुम्ही भरलंत?"

"मला टाइप तरी करता येतं का?"

"मीही नाही भरलं."

भरलेला प्रत्येक नियम तिने पुन्हा तपासला. इस्त्रीवाली कुठेच नव्हती. आम्ही तीन नंबरपाशी गेलो. व्हॉल्व्ह अर्धा बंद होता. आसपास कोणी नव्हतं. घड्यांचं मशीन आपलं आपण चाललं होतं.

"उद्या मालकांना दाखवायचंय," ती हळू आवाजात म्हणाली. "हे काढावं लागेल."

"राहू दे."

"बाबा, त्यांना मी काय सांगू?"

मला एवढंच कळत होतं की ते पुसलं तर ही दुसऱ्यांदा जाईल. आणि या खेपेला आपल्या हाताने.

"पुसत नाही," सून म्हणाली. "नुसतं बंद करून बघते. हे कारण नसेल तर काय होईल ते दिसेल."

तिने बटण दाबलं. तीन ओळी आल्या.

ड्रायर तीन: जास्त गरम.

चादरी: करपतील.

बॉयलरवाला: येणार नाही.

"तुम्हाला मी फक्त कारणांमध्ये घातलं होतं," ती म्हणाली. "परिणामांमध्ये नाही."

तेवढ्यात वास आला. कापड करपल्याचा.

"चालू कर."

"बाबा..."

"आधी चालू कर!"

तिने केलं. वास थांबला. आम्ही जाऊन पाहिलं तर व्हॉल्व्ह अर्धा बंद होता. सगळ्यात वरच्या चादरीवर तपकिरी डाग पडला होता.

दुसऱ्या दिवशी मालक आले. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "ही इस्त्रीवाली कोण?"

"ते कारण काढलं की माल खराब होतो," सून म्हणाली. खोटं काहीच नव्हतं.

"मग काढता कशाला? चालतंय ना? झालं तर!"

मी निवृत्ती पुढे ढकलली. दुपारचा चहा आता तीन नंबरपाशी घेतो. व्हॉल्व्हकडे बघत नाही. पाठ त्याच्याकडे करून बसतो, म्हणजे तिला संकोच नको. मुलगा म्हणतो, बाबांची तब्येत सुधारली. खरंच सुधारली. जेवण जातं, झोप लागते.

परवा डोळे तपासायचे होते म्हणून सुट्टी घेतली. दुपारी दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्या डोळा लागला. सुनेच्या फोनने जाग आली.

"बाबा, लॉन्ड्रीत गेला होतात का आत्ता?"

"नाही गं. माझा नंबर यायचाय अजून."

ती मग म्हणाली, "व्हॉल्व्ह कोणी फिरवला म्हणून विचारलं, तर सिस्टिम आज दोघं दाखवतेय."

"बरं," मी म्हणालो.

फोन डाव्या हातात होता. उजवा तळवा लाल झाला होता. मी तो गालाला लावला. गरम होता. नंबर पुकारेपर्यंत मी तो तसाच धरून बसलो.