दाताच्या मुळातली भाकरी

"लेकुरवाळी बाई आहेस तू. त्या ढिगापुढून खडा टाकल्याशिवाय जाऊ नकोस," असं शेजारच्या गयाआक्कांनी मला बजावलं होतं. आम्ही हिंगणमाळला राहायला येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. मी हसण्यावारी नेलं. रसायनशास्त्र घेऊन शिकलेली बाई दगडांच्या ढिगाला काय भिणार?

ढीग गावाच्या शिवेवर होता, पुरुषभर उंच. त्याला परकिणीचा ढीग म्हणत. शेकडो वर्षांपूर्वी कुणी परमुलखातली बाई लेकराला बोटाशी धरून आली, तिनं गावात साथ आणली आणि ती शिवेवरच मेली, अशी गोष्ट होती. ती पुन्हा उठू नये म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिच्यावर एक खडा टाकायचा.

पुढच्याच आठवड्यात माझ्या लेकीला, केतकीला, ताप भरला. बारा दिवस तो उतरला नाही. ताप डासांमुळे आलेला होता, तपासणीत तसं दिसलं आणि तो औषधानंच गेला. हे सगळं मला कळत होतं. तरी तेराव्या दिवशी मी ढिगावर खडा टाकला, आणि पुढची तीन वर्षं, केतकीचं लक्ष नाही असं बघून, टाकत राहिले.

मग २०६१ चा हिवाळा आला. समुद्रानं किनाऱ्यावरची काही गावं गिळली होती, तिथली नऊ कुटुंबं सरकारनं आमच्या शिवेवर आणून वसवली. त्यांतली जुईली तांडेल केतकीच्या वर्गात आली. दोघी एका बाकावर बसायच्या. केतकी तिला झाडावर चढायला शिकवायची आणि जुईली हिला दोरीच्या गाठी.

वस्तीला पाण्याचा नळ न्यायचा म्हणून चर खणला, तेव्हा ढिगाचा एक कोपरा हलवावा लागला. खाली दोन सांगाडे निघाले. एक मोठ्या बाईचा, एक लहान मुलाचा, तिच्या कुशीला लागून.

गाव चावडीपुढे जमलं. यांनी परकीण जागी केली, असं कुणी म्हणालं. यांनाही दुसरीकडे हलवा, असं दुसरं कुणी. शेवटी ठरलं की सांगाड्यांची तपासणी होईपर्यंत वस्तीवर कुणी जायचं नाही आणि तिथल्या मुलांनी शाळेत यायचं नाही. मान डोलावणाऱ्यांत मीही होते. जुईलीला खोकला झाला होता, आणि दुसऱ्याच्या मुलाचा खोकला मला चार घरांवरूनही ऐकू येतो.

केतकी बाकावर रोज एका कडेलाच बसायची. जुईलीची जागा ती मोकळी ठेवायची.

तपासणीसाठी जुन्या हाडा-दातांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. मंदाकिनी डोईफोडे आल्या. त्यांच्याबरोबर कोरक्या नावाचा यंत्रमानव होता, मांजराएवढा, सहा पायांचा. त्याच्या सोंडेच्या टोकाला केसाहून बारीक किरण होता. त्यानं तो दाताचा मोहरीच्या दाण्याएवढा कण काढायचा. शाळेच्या एका खोलीत त्यांनी प्रयोगशाळा मांडली. केतकी मधल्या सुट्टीत तिथेच सापडे, आणि तिच्यामागे डबा घेऊन आलेली मी, हात धुतलेस का विचारायला.

"ती बाई कुठून आली होती?" केतकीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"आली होती का, ते आधी विचार," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी तिला एक काम दिलं. गावच्या मातीतल्या गोगलगायींचे शंख आणायचे, आणि शेतात मेलेला उंदीर दिसला तर हात न लावता कोरक्याला सांगायचं. हे ऐकून गयाआक्का खिडकीतून म्हणाल्या, "आम्ही पोरांचे पडलेले दात उंदराला देतो. ही बाई उंदराचेच दात मागतेय."

"देवघेव आहे, आक्का," कोरक्या म्हणाला. आक्का यंत्राशी बोलत नसत, पण पदराआड हसल्या.

उंदीर कशाला, ते डॉक्टरांनी असं समजावलं. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. काही हलके, काही जड. अशा अणूंना समस्थानिकं म्हणतात (एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची भावंडं). आपल्या पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दूर पूर्वेला आणि दक्षिणेला ग्रॅनाइट लागतो, तो दोनशे-अडीचशे कोटी वर्षांचा म्हातारा. अशा म्हाताऱ्या खडकात एका जड भावंडाचं प्रमाण जास्त असतं. खडकातून ते मातीत जातं, मातीतून पिकात, आणि पिकातून आपल्या दातांत.

"म्हणजे मी दगड खाते?" केतकीनं विचारलं.

"चिमूटभर. पण दात ते विसरत नाही."

दातावरचं चकचकीत कवच, म्हणजे एनॅमल, लहानपणी एकदाच तयार होतं आणि पुन्हा बदलत नाही. माणूस पुढे कुठेही जाऊ दे, त्याच्या एनॅमलमध्ये बालपणीचा मुलूख राहतो. हिंगणमाळचा उंदीर आणि गोगलगाय मात्र कुठे जात नाहीत, त्यामुळे इथल्या मातीची खूण त्यांच्याकडून पक्की कळते. बाईच्या दाताची खूण या मातीच्या खुणेशी जुळते का, एवढंच बघायचं होतं.

कोरक्यानं बाईच्या दाढेतून कण काढला. यंत्रानं आकडा दिला. डॉक्टरांनी तो पुसला, यंत्र स्वच्छ केलं आणि पुन्हा मोजायला लावलं. तिसऱ्यांदाही तोच आला. उंदराचा आकडा आणि बाईचा आकडा शेजारी शेजारी होते.

"ही इथेच वाढलीय," डॉक्टर म्हणाल्या.

मी दारात उभी होते. तीन वर्षांचे खडे एकदम माझ्या हातात आल्यासारखे जड वाटले.

"मग परकं कोण होतं?" केतकीनं विचारलं.

ते मुलाच्या दाढेनं सांगितलं. मूल सहा वर्षांचं, आणि त्याच्या एनॅमलमधली खूण काळ्या पाषाणाची नव्हती. म्हाताऱ्या ग्रॅनाइटची होती. गोष्टीत माणसांची अदलाबदल झाली होती. पण डॉक्टर तिथे थांबल्या नाहीत. सहा वर्षांच्या मुलाच्या दाढेचं मूळ अजून वाढत असतं, असं त्या म्हणाल्या. म्हणजे दाढेचा वरचा भाग तान्हेपणीचा, आणि मुळाचं टोक अगदी शेवटच्या काही महिन्यांचं. झाडासारखंच, फक्त खाली वाढणारं.

आता त्यांनी कार्बन मोजला. कार्बनचीही जड-हलकी भावंडं असतात. ज्वारी-बाजरी हवेतून कार्बन घेताना जड भावंड थोडं जास्त आत येऊ देते; भात आणि गहू त्याला बऱ्याच अंशी बाहेर ठेवतात. त्यामुळे ज्वारी खाणाऱ्याचे दात वेगळे ओळखू येतात. बाईच्या दातांत आणि हाडांत जन्मभराची ज्वारी होती. मुलाच्या दाढेत वरून खाली भातच भात होता.

"आणि टोकाला?" केतकी टाचा उंचावून बघत होती.

टोकाला आकडा चढला होता. शेवटचे चार-पाच महिने ते मूल ज्वारी खात होतं.

केतकीनं टाचा खाली टेकवल्या. मग ती हळूच म्हणाली, "कुणीतरी त्याला भाकरी दिली."

डॉक्टरांनी लगेच सावध केलं. भाकरी त्या बाईनंच दिली, हे दात सांगत नाही. दोघं कशानं गेली, तेही नाही. त्या मातीत जनुकं टिकली नव्हती, म्हणून नातंही कळायचं नाही. मूल परमुलखातलं होतं, त्याला इथे अन्न मिळालं, आणि साडेसहाशे वर्षांपूर्वी इथल्याच एका बाईच्या कुशीत त्याला पुरलं गेलं, एवढंच खात्रीनं म्हणता येत होतं.

शनिवारी चावडीपुढे त्यांनी हेच सगळं सांगितलं. गयाआक्का जागेवरून उठल्या. मग म्हणाल्या, "आमचीच लेक होती की. आणि जन्मभर तिला दगड मारले मी."  वस्ती हलवायची गोष्ट त्या दिवशी कुणी काढली नाही. पण वस्तीकडे कुणी गेलंही नाही. सवय अहवालानं मोडत नाही.

घरी येताना केतकीनं विचारलं, "आई, आमच्या मागच्या दाढांची मुळं अजून वाढतायत ना?"

मी हो म्हणाले.

"मग जुईलीच्या मुळात आत्ता काय लिहिलं जातंय?"

 घरी पोचल्यावर मी ज्वारीचं पीठ काढलं. सहा भाकऱ्या थापल्या, कापडात बांधल्या, आणि केतकीला बरोबर घेतलं. ढिगापाशी माझा हात सवयीनं खाली गेला. तो मी केतकीच्या हातात दिला. मागून चपलांचा आवाज आला. गयाआक्का होत्या, हातात ठेच्याची वाटी.

जुईली दारात बसली होती. खोकला कधीच गेला होता, तिची आई म्हणाली. पण कुणी बोलावलं नाही, म्हणून पोरगी पाठवली नाही. जुईलीनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे का गं?" आक्कांनी विचारलं.

"आहे. आणि सुकट नाहीये."

तिच्या आईनं डबा उघडून किनाऱ्यावरून आणलेली शेवटची मूठभर सुकट काढली आणि तव्यावर टाकली. आक्कांनी नाक मुरडत मुरडत ती तीनदा घेऊन खाल्ली. सोमवारी बाकावर केतकी पुन्हा अर्ध्याच जागेत बसली, पण या वेळी उरलेली जागा रिकामी नव्हती.

सहा-सातशे वर्षांनी कुणी दुसरी मंदाकिनी आमच्या गावची एखादी दाढ उचलेल. तिला वर समुद्राकाठची भात-मासळी दिसेल, आणि एका रेघेपासून खाली ज्वारी. ती रेघ कुठे सुरू होते, हे तेव्हाच्या मुलांना मोजता येईल, आपल्यापेक्षा बारकाईनं.

तुमच्या वर्गातही या वर्षी कुणी नवीन आलं असेल. गेले काही दिवस ते दिसलं नसेल, तर त्याच्या घरी जाऊन या. जेवलंय का, एवढं विचारा. आईला सांगून जा; आणि ती नको म्हणाली, तर तिलाही बरोबर न्या.