अर्धा मिलिमीटर कुणी खाल्ला?

हवी होती सव्वीस मिलिमीटर लांबीची बुश. यंत्रातून बाहेर आली ती साडेपंचवीसची. मग अर्धा मिलिमीटर गेला कुठे? पोरांनो, उंदरानं खाल्ला म्हणू नका. माझ्या कारखान्यात उंदराची टाप नाही यायची.

मी तानूबाई पांचाळ. शाळा चौथीत सुटली, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा कारखाना मी उभा केला. आज, सन दोन हजार एकावन्नमध्ये, माझी नात कस्तुरी चौदाव्या वर्षी त्यासाठी प्रोग्रॅम लिहिते. बुश म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याला सांभाळणारी धातूची नळी. ही बुश जायची होती चंद्रावर. तिथल्या वस्तीत बावीस माणसं बर्फ वितळवून पाणी पितात आणि त्यांच्या पंपाची बुश झिजत आली होती. न्यायला गाडी पाच वाजता येणार होती. बुश कातायला टायटॅनियमचे दांडे मिळाले होते दोन. त्यातला एक आत्ताच वाया गेला.

"चूक प्रोग्रॅममध्ये असावी," नेमा म्हणाला. नेमा आमचा यंत्रमानव. दांडा उचलून यंत्रात बसवणं आणि आतली साफसफाई, ही त्याची कामं.

कस्तुरीचे डोळे भरले. "आज्जी, मी तीनदा तपासलाय गं."

"मग रडतीस कशाला? चौथ्यांदा तपासू."

आमचा लेथ (धातू गरगर फिरवून कातणारं यंत्र) सीएनसी आहे, म्हणजे त्याला अंकांनी हुकूम द्यायचा. जी-शून्य म्हटलं की कापायचं हत्यार भरधाव जातं. जी-एक म्हटलं की कापत कापत, बेतानं जातं. एक्स म्हणजे जाडीचं माप, झेड म्हणजे लांबीचं. पण नुसतं 'दहा पावलं चाल' म्हणून भागतं का? कुठून चालायचं? उंबऱ्यापासून की विहिरीपासून? विहिरीकडं तोंड करून दहा पावलं टाकलीत तर बुडालातच! म्हणून आधी शून्य ठरवावं लागतं. शून्य म्हणजे जिथून सगळी मापं मोजायची ती जागा.

नेमा लगेच म्हणाला, "आक्का, उपाय सोपा आहे. शून्य अर्धा मिलिमीटर पुढं सरकवू. हिशेब जुळेल."

कस्तुरीनं माझ्याकडं पाहिलं. पाच वाजायला दीड तास होता.

"हात लावशील तर वायर काढून ठेवीन," मी म्हणाले. "ताप कशानं आला ते न बघता गोळी गिळणारा तू कुठला रे वैद्य? शेवटचा दांडा आहे हा. दुखणं मधेच हललं तर तोही जाईल."

"पण आक्का, मला ताप येत नाही."

"मला येतो. तुझ्यामुळं."

कस्तुरी खुदकन हसली आणि तिचं डोकं चालू झालं. "आज्जी, आधी हवेत चालवूया." हवेत चालवणं म्हणजे दांडा न लावता, दार बंद करून, वेग कमी ठेवून एकेक ओळ चालवून बघणं. आपटायचंच झालं तर हत्यार हवेवर आपटतं, दांड्यावर नाही.

बटण मात्र मी दाबलं. पोरांचा हात प्रोग्रॅमवर चालेल, बटणावर नाही, हा माझा कायदा. मी पदर कमरेला खोचला, बांगड्या उतरवून डब्यात ठेवल्या. फिरत्या यंत्राजवळ हातमोजेही घालायचे नाहीत. मोजा अडकला की हात ओढला जातो, आणि यंत्राला माया नसते.

ओळीमागून ओळ चालली. हत्याराचं टोक सांगितलं तिथंच जाऊन थांबलं.

"प्रोग्रॅम खरा," कस्तुरी पुटपुटली. "हत्यार खरं. मग दांडा... आज्जी! हत्यार चुकत नाहीये. दांडाच अर्धा मिलिमीटर पुढं बसतोय! हत्यार ठरल्या जागी कापतं, म्हणून तेवढं जास्त कापलं गेलं आणि बुश आखूड झाली!"

शाबास गं माझी वाघीण! चंद्रावरच्यांना हिच्या पायाचं तीर्थ पाठवावं, असं वाटलं मला.

मी लाल बटण दाबून यंत्र पुरतं थांबवलं. चक (दांडा पकडणारा तीन बोटांचा पंजा) फिरायचा थांबेपर्यंत दाराला हात लावला नाही. मग बॅटरी लावून आत पाहिलं. चकच्या तळाशी टेकण असते, दांड्याचं बूड तिच्यावर टेकतं आणि लांबी तिथूनच मोजायची. त्या टेकणीवर लाल लेप वाळला होता, आणि लेपात तांदळाची चपटी कणी.

कुंकू आणि अक्षता.

"नेमा! आतली सफाई तुझी ना? हे दिसलं नाही?"

"दिसलं, आक्का. परवा खंडेनवमीला यंत्राची पूजा तुम्हीच केलीत. म्हणालात, 'पूजेला हात लावशील तर याद राख.' मी याद राखली."

कस्तुरीनं ओठ घट्ट मिटले होते, पण तिचे गाल फुगले होते.

पन्नास वर्षांत मी कुणापुढं मान खाली घातली नाही. त्या दिवशी एका यंत्रमानवापुढं घातली.

"चूक माझी," मी म्हणाले. "नेमा, लेका, तुझी नाही. आणि कस्तुरीची तर मुळीच नाही. अर्धा मिलिमीटर मीच खाल्ला."

टेकण पुसली. कस्तुरीनं बोट फिरवून खात्री केली. शेवटचा दांडा बसला, दार बंद झालं, मी बटण दाबलं. टायटॅनियमची चकाकती कुरळी साल सुटू लागली. बुश थंड झाल्यावर कस्तुरीनं तीन वेळा मोजली.

"सव्वीस, आज्जी. नेमकी सव्वीस."

पाचला चार मिनिटं कमी असताना बुश गाडीत बसली.

आता खंडेनवमीला हार आणि कुंकू यंत्राच्या दारावर. नेमालाही टिळा लावते, तो कपाळ पुढं करून उभा राहतो. यंत्रावर मी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत एक पाटी लावली आहे: 'चकच्या आत देवालाही प्रवेश नाही. – तानूबाई.'

कस्तुरी म्हणते, चंद्रावर लेथ बसला की ती चालवायला जाणार आणि ही पाटी सोबत नेणार. मी म्हटलं, ने. फक्त खालचं नाव पुसू नकोस. चुकीतून शिकलेली बाई कोण होती, ते चंद्रालाही कळू दे.