हिरव्या पाण्याचं पिंप

"पाणीच होतं, एजे. हिरवा रंग घातलेलं साधं पाणी. शपथ घेऊन सांगते," बुरुलचा म्हणाली. समोरच्या चहाला तिने हातही लावला नव्हता.

पोलिसातली नोकरी सोडून उलजान खाजगी तपासाची कामं घेऊ लागली, तेव्हापासून सगळं तोकमोक गाव तिला एजे म्हणायचं, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. तिची गाडी चालवणारा मेदेर कोपऱ्यात बसून बोरसोकचे तळलेले गोळे खात ऐकत होता. एके काळी तो वाहतूक पोलिसात होता आणि आपल्याला तपासातलं चांगलं कळतं, असं त्याचं मत होतं.

बुरुलचा गावाबाहेरच्या केंद्रात कामगारांना घातक कचरा हाताळायला शिकवायची. तिची तुकडी वसंतात डोंगरात जाणार होती; जुन्या काळी तिथे पुरलेलं कीटकनाशक उकरून, नीट बंद करून आणायला. परवा वर्गात सराव होता. पिंप गळतंय असं समजून ते आवरायचं. पिंपावर चिठ्ठी कीटकनाशकाची, आत रंगीत पाणी.

"तोटी उघडली तर रंगच नाही. हे काय, म्हणून कादिर वाकून बघायला गेला आणि ते उडालं. चष्मा, हातमोजे नीट घातले होते म्हणून डोळे वाचले. मान आणि मनगट भाजलं. आत अ‍ॅसिड होतं, एजे!"

"आणि पोलिस तुझ्यामागे का?"

"मी एकदा वर्गात बोलले होते, की नुसत्या पाण्याने कुणाला भीती शिकवता येत नाही. तेच आता माझ्या गळ्याशी आलंय." तिने मान ताठ केली. "माझा परवाना जाईल ते जाऊ दे. ही माणसं अर्धवट शिकून त्या विषात उतरतील, त्याचं काय?"

एजेने कोट चढवला. "उतरणार नाहीत. मेदेर, तोंड पूस आणि गाडी काढ."

केंद्राच्या अंगणात हाडं गोठवणारी थंडी होती. आठवडाभर ऊन असं पडलंच नव्हतं. मागच्या भिंतीलगत सरावाची निळी प्लास्टिकची पिंपं रांगेने उभी होती, प्रत्येकावर कवटीचं चित्र. मधे एक जागा रिकामी होती आणि तिथली जमीन बर्फाविना काळी दिसत होती. भिंतीत एक छोटं दार होतं. पलीकडे बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान.

एजे एकेका पिंपाला खांदा लावून ढकलत पुढे गेली. मेदेरला वाटलं, ती अंग गरम करतेय. बहुतेक पिंपं दगडासारखी गप्प होती. शेवटची दोन तेवढी आतून डुचमळली.

"पिंपं कशाला हलवताय?" त्याने विचारलं.

"कोण बोलतंय ते बघतेय," एजे म्हणाली.

वर्गाच्या दाराशी वाळूच्या लाल बादल्या टांगल्या होत्या. आत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कीटकनाशक सांडलं, तर वाळू टाका. एजेने ते दोनदा वाचलं.

पहिला भेटला तो माक्सात, केंद्रातला हरकाम्या. धिप्पाड गडी.

"पिंप तूच आणलंस?"

"मीच, एजे. बाई म्हणाल्या, हलेल ते आण, गळायला तर हवं ना! आधीच्या सगळ्यांचा बर्फ झालेला. जे पहिलं हललं, ते छातीशी कवटाळून उचललं. कंबर मोडली माझी. एरवी मी ही पिंपं अशी नेतो." त्याने चुटकी वाजवली. "हे तर माजलेल्या वासरासारखं जड."

"तरी संशय नाही आला?"

"वाटलं, म्हातारा झालो."

मेदेर खो खो हसला. एजे हसली नाही.

केंद्राचा संचालक झेनिशबेक फारच चिडलेला होता. "नवा सूट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो मी! अगदी पिंपासमोर! बाईंनी कादिरला फवाऱ्याखाली नेलं, आणि मी आपला खुर्चीवर चढून 'पाणी, पाणी' ओरडतोय. अब्रू गेली केंद्राची."

"मागच्या दाराची किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक तुर्दुबायकडे."

भांडारपाल तुर्दुबाय पन्नाशीचा, गोडबोल्या माणूस. त्याने एजेला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

"मी फाटकाशी होतो. आतलं काही दिसत नव्हतं, नुसती आरोळी ऐकली. तसाच अंगणातून भांडारात पळालो, सोड्याची गोणी उचलली आणि आत जाऊन जमिनीवर ओतली. नुसता फेस! नाहीतर सगळ्यांचे पाय भाजले असते."

"मोठं काम केलंस, बायके," मेदेर मनापासून म्हणाला, थोरल्या भावाला म्हणतात तसं.

"पलीकडचं दुकान कुणाचं?" एजेने विचारलं.

"धाकट्या भावाचं." तुर्दुबायचा चेहरा फुलला. "शरदात तपासणी झाली, तेव्हा गावातले सगळे बॅटरीवाले अडकले. अ‍ॅसिड कुठे टाकता म्हणून. आमच्याकडे थेंब सापडला नाही!"

बाहेर येताच मेदेर कुजबुजला, "संचालकच. किल्ली त्याच्याकडे, आणि आरडाओरडाही किती करतो!"

"सगळ्यांना वर्गात बोलाव. कादिरलाही, येववत असेल तर."

कादिर आला, मानेला पट्टी बांधून. त्याच्यामागे सगळी तुकडी. एजे मधोमध उभी राहिली.

"या थंडीत पाण्याचा दगड होतो. जे गोठलं नाही, ते पाणी नव्हतंच. बॅटरीतलं अ‍ॅसिड गोठत नाही, आणि पाण्यापेक्षा जडही असतं. म्हणून माक्सातची कंबर मोडली. ते पिंप इथे कुणी मारायला आणलं नव्हतं. कुणीतरी ते लपवलं होतं. कवटीचं चित्र आहे आणि आत पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक, याहून चांगली जागा कुठली?"

एजे बुरुलचाकडे वळली.

"बुरुलचाला अ‍ॅसिडच हवं असतं, तर तिने पिंप दाखवून दिलं असतं. तिने निवड थंडीवर सोडली. माक्सातला माहीत असतं, तर त्याने ते छातीशी धरलं नसतं. साहेबांना माहीत असतं, तर ते नवा सूट घालून समोर बसले नसते."

झेनिशबेकने नकळत कोट झटकला.

"राहिला तुर्दुबाय. पिंपावर चिठ्ठी कीटकनाशकाची. भिंतीवर लिहिलंय, वाळू टाका. वाळू दाराशीच टांगलेली. आणि ज्याला आतलं काहीच दिसत नव्हतं, तो ती ओलांडून सोडा घेऊन येतो! सोडा अ‍ॅसिडवर टाकतात. आत अ‍ॅसिड आहे, हे तोवर आतल्यांनाही कळलं नव्हतं. तू अंगणातून पळताना रांगेतली रिकामी जागा पाहिलीस, हो ना?"

 तुर्दुबाय बाकावर बसला.

"तपासणीच्या आधी भाऊ म्हणाला, यातून मला सोडव. तीन पिंपांतलं पाणी ओतून अ‍ॅसिड भरलं. बर्फ वितळला की घेऊन जाणार होतो." त्याने कादिरकडे पाहिलं. "वाळूची बादली दिसली मला. पण तिने काय होणार होतं? माणसं आत होती."

"वाळू आणली असतीस, तर मी अजून अंगणात चाचपडत असते," एजे हळू म्हणाली. "एवढं मी पोलिसांना नक्की सांगेन."

"दोन दिवस बाईंना शिव्या खाताना बघत होतास," कादिर म्हणाला. "तेव्हा नाही तोंड उघडलंस."

तुर्दुबायने खिशातली किल्ली काढून बाकावर ठेवली.

पोलिस आले, जबाब झाले, तुर्दुबाय आणि त्याचा भाऊ गाडीत बसले. बुरुलचावरचा संशय मिटला. पण अंगणातल्या त्या दोन पिंपांना हात लावायला कुणी शिपाई तयार होईना. फौजदार म्हणाला, शहरातून माणसं मागवू, येतील केव्हातरी.

बुरुलचाने खुंटीवरचा चष्मा काढला. "कशाला? माणसं इथे आहेत."

तुकडीने मुकाट्याने हातमोजे चढवले. कुणी दोर बांधून अंगण अडवलं, कुणी पिंपांखाली ठेवायला जाड प्लास्टिकच्या पराती आणल्या, कुणी पाण्याचा फवारा तयार ठेवला. खऱ्या चिठ्ठ्या लिहून झाल्या. बुरुलचा प्रत्येकाच्या मनगटाशी वाकून बघत होती.

"ए मेदेर बायके, दोराच्या मागे!" पट्टी सावरत कादिर ओरडला. "बाई, याला हाकला, मास्क नाही याच्याकडे!"

मेदेर निमूटपणे मागे सरला. एजेही सरली. पहिलं पिंप जमिनीवरून उचललं गेलं, आणि एक थेंबही सांडला नाही.