प्रश्नात ‘नाही’ नको

ऑफिसात तिला सगळे प्रश्नबाई म्हणत. घरोघरी जाऊन लोकांची माहिती गोळा करणाऱ्या खात्यात ती सत्तावीस वर्षं प्रश्न तयार करत होती. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी ती एक नियम सांगायची. “प्रश्नात ‘नाही’ घालायचं नाही. ‘तुमच्याकडे गाडी नाही ना?’ असं विचाराल, समोरचा ‘हो’ म्हणेल, आणि मग बसाल डोकं खाजवत. हो, आहे? की हो, नाही?”

अशा बाईच्या हातून नेमकी देवापुढे ही चूक व्हावी, याला काय म्हणायचं?

त्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास ती नवऱ्याचे धुतलेले कपडे पिशवीत घालून हॉस्पिटलकडे निघाली होती. नवरा तेवीस दिवस बेशुद्ध होता. श्वास मशीन घेत होतं. सकाळी डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले होते. “आता सुधारणा होईल असं मला वाटत नाही. मशीन ठेवायचं की काढायचं, संध्याकाळी सांगा. हे तुम्हीच ठरवायचं.” मूलबाळ नव्हतं, थोरलं माणूस कोणी उरलं नव्हतं. विचारायचं कोणाला?

म्हणून वाटेतल्या चर्चमध्ये ती शिरली. आजवर सगळं तिने देवालाच विचारलं होतं. नोकरी धरू का, यांच्याशी लग्न करू का, मूल होत नाही तर त्याचं काय करू. आवाजात उत्तर कधी आलं नव्हतं. विचारून झालं की मनातलं काहीतरी निवायचं, तेच ती उत्तर धरून चालायची.

चर्चला बाहेरून रंग द्यायचं काम चाललं होतं. खिडक्यांवर ताडपत्र्या बांधलेल्या, त्यामुळे आत भरदुपारी काळोख. कालच्या रंगाचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास होता. वाऱ्याने ताडपत्री आत यायची, बाहेर जायची… आत यायची, बाहेर जायची. तेवीस दिवस हाच ताल ती वॉर्डात ऐकत होती.

तिसऱ्या बाकापाशी तिने गुडघे टेकले. मोठी प्रार्थना सुचेना. तोंडातून निघालं ते एवढंच.

“प्रभू… मशीन काढायचं नाही ना?”

“हो.”

मागून आला आवाज. हलका, शेवटी किंचित लांबलेला. तिने वळून पाहिलं. बाक रिकामे होते.

आधी तिला रडूच फुटलं, आनंदाने. देव बोलला होता. डोळे पुसत ती दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. हो म्हणजे, हो, नाही काढायचं? की हो, काढायचं?

बाजूच्या खोलीत पाळकसाहेब गीतांची पुस्तकं रचत होते.

“साहेब, आत कोणी आहे का?”

“कोणी नाही. रंगारी आज आलेच नाहीत. का हो?”

“मी प्रार्थनेत एक विचारलं. उत्तर आलं.”

पाळकसाहेबांनी पुस्तकं खाली ठेवली. “काय आलं?”

“हो.”

“मग झालं की, बाई.”

“कसलं झालं? प्रश्नच चुकला माझा.”

सगळं ऐकून ते हसले, पण मायेने. “मग पुन्हा विचारा. माणसं वैतागतात, तो नाही वैतागत.”

ती पुन्हा आत गेली. आता मात्र तिने रीतसर प्रश्न केला, एका वेळी एक.

“मशीन ठेवायचं का?”

“हो.”

या वेळी आवाज जवळून आला. तिच्या जिवात जीव आला. पण सत्तावीस वर्षांची खोड अशी जात नाही. काही माणसं कशालाही होला हो करतात, त्यांना पकडायला तोच प्रश्न उलटा विचारायचा, हा तिचा दुसरा नियम. विचारू नये असं वाटत असूनही तिने विचारलं.

“मशीन… काढायचं का?”

“हो.”

तरी जीभ थांबेना.

“आज शुक्रवार आहे का?”

“हो.”

हा ‘हो’ तिच्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं तिने तो रोज सकाळी ऐकला होता, उघडलेल्या वर्तमानपत्राच्या पलीकडून. भाजी संपलीय, हो. छत गळतंय, हो. माझं ऐकताय का, हो. या ‘हो’वरून ती किती भांडली होती.

“अहो…?” ती कुजबुजली.

ताडपत्री आत आली, ती बाहेर गेलीच नाही. मानेवर कोणीतरी श्वास सोडला. तिने पिशवी उराशी धरली आणि बाकांना धरत धरत ती दाराकडे निघाली. डोक्यात एकच गोंधळ. हे इथे असतील, तर तिथे मशीन श्वास कोणाला देतंय?

वॉर्डात लख्ख उजेड होता. डॉक्टर कागद आणि पेन घेऊन उभेच होते. “काय ठरलं?”

“एक मिनिट,” ती म्हणाली. नवऱ्याच्या कानाशी वाकली. गालावर दाढी वाढली होती, नळी टेपने चिकटवलेली होती. या वेळी तिने शब्द जपून लावले.

“अहो… तुम्ही इथे आहात का?”

“नाही.”

दारातून आला आवाज. तोच, लांबलेला. संसारात पहिल्यांदा तिने त्याच्याकडून ‘नाही’ ऐकलं. डॉक्टरांनीही दाराकडे पाहिलं. “कोण आहे?” दारात कोणी नव्हतं.

मग ती खूप रडली. रडता रडताच तिला थोडं सुटल्यासारखं वाटलं. शेवटी निदान एका प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं होतं. ते इथे नव्हतेच, तर या शरीराचे हाल कशाला?

“काढा,” ती म्हणाली. कागद पलंगाच्या कडेला ठेवून तिने सही केली.

सही पुरी होते तोच पलंगावरच्या हाताने तिचं मनगट धरलं.

डॉक्टर पुढे झाले आणि जागीच थांबले. पकड पक्की होती. हळूहळू त्याने तिच्या बोटांतलं पेन काढून घेतलं. पेनाचं टोक कागदावर टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. मशीनचा श्वास आत गेला, बाहेर आला. सहीच्या खाली वेडीवाकडी अक्षरं उमटत गेली, आणि ती एक एक करून वाचत गेली.

‘बाई, काढू नका.’

एकतीस वर्षांत नवऱ्याने तिला कधी ‘बाई’ म्हटलं नव्हतं.